कागद खरा, पण कशासाठी?

शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेला झाला की शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद मराठी वाचकाच्या कानावरून कधी ना कधी गेलेला असतो. इसवी सनात सांगायचे तर १६२७ की १६३०. (आज जयंती दोनदा होते ती तिथी आणि तारीख यांच्या भांडणामुळे, तो वाद निराळा.) निकाल आता लागलेला आहे. पण तो कसा लागला हे पाहिले, तर संशोधनाची साधने कशी पारखायची याचे निम्मे शिक्षण तिथेच होते.

नुसती डोकी मोजली असती तर १६२७ सहज निवडून आले असते. चिटणीसांची बखर, शिवदिग्विजय आणि त्या वळणाच्या इतर उत्तरकालीन बखरी हेच साल सांगतात, आणि एकोणिसाव्या शतकातली बहुतेक पुस्तके त्यांच्यावरून बेतलेली. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. पुढे जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तिच्यातही तीच तिथी. तंजावरच्या सरस्वती महालात मिळालेले कवींद्र परमानंदांचे शिवभारत सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये छापले, त्यातही तीच. कारी, जोधपूर आणि तंजावर. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असण्याची शक्यता जवळजवळ नाही. उलट बखरी एकमेकींच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या. दहा बखरींचे साल एकाच मुळातून आले असेल, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच आणि त्याच्या नऊ नकला. एखादी गोष्ट किती ठिकाणी लिहिली आहे याला फारशी किंमत नाही. ती किती स्वतंत्र ठिकाणी लिहिली आहे, हे महत्त्वाचे.

दुसरी कसोटी आकड्यांची. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३. आणि प्रभव, विभव यांच्यानंतरचा तिसरा संवत्सर शुक्लच. वारही जुळतो. या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या पंचांगातली आहे. आजच्या पंचांगाने तो दिवस १ मार्च येतो, आणि त्या दिवशी शुक्रवार होता. शक, संवत्सर, तिथी, वार असे चार दुवे असलेली नोंद कुणी शंभर वर्षांनी मनाने रचली, तर एखादा दुवा निखळतोच. म्हणून जुन्या कागदावर काम करणाऱ्याच्या हाताशी आधी जंत्री असते, मग बाकीची पुस्तके.

जेधे शकावली यामुळे धर्मग्रंथ ठरत नाही. हाती आलेली ती मूळ लिखाणाची नक्कल, तिच्यात लेखनाच्या चुका आहेत, आणि जेध्यांच्या पराक्रमाला तिच्यात जरा जास्त जागा आहे. तरीही तिचा शब्द जड मानतात, कारण तिच्यातल्या इतर अनेक तारखा फारसी आणि युरोपीय कागदांशी पडताळल्यावर खऱ्या निघाल्या. साधनाची पत अशी, जिथे तपासता येते तिथे तपासून कमवावी लागते. मग जिथे तपासता येत नाही तिथे त्याला थोडी उधारी मिळते.

हे सगळे आज उघड वाटते. मराठ्यांच्या इतिहासात ते रुजायला शतक लागले. जेम्स ग्रँट डफचा तीन खंडांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला आणि बराच काळ तोच प्रमाण मानला गेला. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६८ च्या सुमारास त्यावर टीका लिहून पहिला धक्का दिला. १८७८ मध्ये काव्येतिहास संग्रह सुरू झाला आणि बखरी, पत्रे छापून लोकांपुढे येऊ लागली. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दफ्तर उपसले. १८९८ मध्ये राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, पुढे त्यांची संख्या बावीसवर गेली. अस्सल पत्राच्या एका चिटोऱ्याला सगळ्या बखरींहून जास्त वजन, असा राजवाड्यांचा आग्रह. तो त्या काळी हवाच होता, कारण बखरीच्या गोष्टी इतिहास म्हणून सांगितल्या जात होत्या. (राजवाड्यांनी छापलेले कागद आणि त्यांनी स्वतः बांधलेले तर्क यांना मात्र एका तागडीत घालू नये. कागदांवर आजही काम चालते. त्यांच्या काही व्युत्पत्ती वाचताना करमणूक होते.)

मग दोन पक्ष पडले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या भोवतीची पुण्याची मंडळी मराठी अस्सल कागदाला पहिला मान देणारी. दुसरीकडे जदुनाथ सरकार, फारसी आणि इंग्रजी साधनांवर भर देणारे, आणि त्यांचे स्नेही गोविंद सखाराम सरदेसाई, ज्यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत काढले. या वादात दोन्हीकडून पुष्कळ शाई सांडली, आणि तिच्यात अस्मितेचे पाणीही होते. मला दोन्ही पक्षांचे एक चुकले असे वाटते. विश्वसनीयता ही साधनाच्या जातीत असते असे दोघेही बोलून जात. मराठी पत्र म्हणजे विश्वसनीय, बखर म्हणजे भाकड; किंवा फारसी तवारीख म्हणजे पक्की, मराठी म्हणजे भावनिक. प्रत्यक्ष कामात दोघेही याहून शहाणे होते. कोणताही कागद सरसकट खरा किंवा खोटा नसतो. तो एखाद्या प्रश्नापुरता भरवशाचा असतो. प्रश्न बदलला की त्याच कागदाची पत बदलते.

सभासद बखर घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने ती महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत, जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. लेखक त्या दरबारात वावरलेला. गडांची नावे, सरदार आणि कारभारी, गडावरच्या व्यवस्थेची रीत यांसाठी तिच्याइतके जवळचे मराठी कथन दुसरे नाही. पण घटनांचा क्रम मागेपुढे झालेला, तारखा जवळजवळ नाहीत, आणि मोठे आकडे आले की लेखणी सैल सुटते. राज्याभिषेकाचा खर्च ती एक कोटी बेचाळीस लाख होन सांगते. एक होन तीन-साडेतीन ग्रॅमचा धरला तर हे चाळीस-पन्नास टन सोन्याइतके मोल झाले. दानधर्म, वस्त्रे, भोजने, गडावरचे बांधकाम असे काहीही त्यात धरले तरी आकडा पचत नाही.

त्याच समारंभाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता. महाराजांची सुवर्णतुला झाली तेव्हा सुमारे सोळा हजार होन भरले, असे तो लिहितो. वरच्याच हिशेबाने हे पन्नास किलोंच्या आसपास जाते. माणसाच्या वजनाला शोभणारा आकडा आहे. मोजमापाच्या प्रश्नाला ऑक्झिंडन चांगला, कारण तो व्यापारी कंपनीचा माणूस, आणि त्याला वरिष्ठांना हिशेब द्यायचा होता. पण अभिषेकाचे विधी कशासाठी चालले आहेत, गागाभट्टाचे तिथे काय काम, क्षत्रियत्वाचा प्रश्न दरबारात कुणाला किती बोचत होता, हे त्याला विचारून उपयोग नाही. तो दुभाष्याच्या तोंडून ऐकत होता आणि त्याचे लक्ष तहाच्या कलमांवर होते. तिथे सभासद, खर्चाचा आकडा फुगवूनसुद्धा, जास्त कामाचा. समारंभ त्या दरबाराला केवढा वाटला हे त्या फुगलेल्या आकड्यातच दिसते.

इंग्रज वखारींच्या पत्रांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक तर ती परक्यांची म्हणून तटस्थ, नाही तर परक्यांची म्हणून पूर्वग्रहदूषित. पत्र लिहिणारा कुठे बसला आहे, बातमी त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली आणि ती खरी-खोटी निघण्यात त्याचा नफा-तोटा काय, एवढे विचारले की हा गोंधळ बराचसा मिटतो. महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले. मुंबईच्या इंग्रजांनी २८ एप्रिलला कळवले की राजा तेवीस दिवसांपूर्वी वारला. हिशेब दोन दिवसांनी चुकला, पण बातमी पक्की. त्याच वर्षी डिसेंबरात बंगालकडच्या इंग्रजांचा मात्र अजून विश्वास बसत नव्हता. शिवाजी मेल्याच्या वावड्या इतक्यांदा उठल्या होत्या की तो अमर असावा असे लोकांना वाटू लागले आहे, अशा थाटाचे त्यांचे पत्र आहे. कंपनी तीच, भाषा तीच, साल तेच. अंतर तेवढे वेगळे.

अफझलखान प्रकरण याहून नाजूक. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली पहिला वार कुणी केला? ग्रँट डफने विश्वासघाताचा ठपका महाराजांवर ठेवला. सभासद आणि शिवभारत खानाचा वार आधी सांगतात. दोन्ही बाजूंना आपापले हितसंबंध. अशा वेळी राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याचे १० डिसेंबरचे, म्हणजे घटनेनंतर बरोबर महिन्याभराचे पत्र मोलाचे ठरते. विजापूरच्या बेगमेने खानाला मैत्रीचे सोंग घेण्याचा सल्ला दिला होता, असे तो लिहितो. शिवाजीनेही उलट सोंग वठवले. ते त्याला बातमी लागल्यामुळे की नुसत्या संशयावरून, हे मात्र माहीत नाही, असेही तो सांगून टाकतो. रेव्हिंग्टन महाराजांचा हितचिंतक नव्हता. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात विजापूरकरांच्या बाजूने तोफगोळे घेऊन गेलेला तोच, आणि त्यापायी नंतर महाराजांच्या कैदेत पडलेलाही तोच. ज्याच्या तोंडून एखादी गोष्ट वदवण्यात कुणाचा फायदा नाही, त्याने ती सांगितली तर तिला वजन येते. शिवाय, आपल्याला काय माहीत नाही हे सांगणारा साक्षीदार बाकीच्या विधानांसाठीही जरा जास्त ऐकण्याजोगा. पहिला वार कुणाचा, याबद्दल मात्र हे पत्र गप्प आहे. खानाच्या मनात दगा होता का, एवढ्या प्रश्नाला ते लागू पडते. पुष्कळ लेखकांनी त्याला पुढच्या प्रश्नालाही जुंपले आहे. लागू नसलेला पुरावा कितीही अस्सल असो, तो अशा जागी लबाडीच करतो.

आता खोट्या कागदांकडे. सतराव्या-अठराव्या शतकातला बनावट कागद बहुधा इतिहासासाठी केलेला नसे, वतनासाठी केलेला असे. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांचे तंटे गोतसभेपुढे येत, दोन्ही पक्ष आपापले महजर आणि करीने काढून दाखवत, आणि एकाचा कागद लटका ठरे. साक्षी-पुराव्याने भागले नाही तर दिव्य करण्यापर्यंत गोष्ट जाई. पुढे कंपनी सरकारच्या इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा जुन्या सनदांचे नवे पीक आले यात नवल नाही. त्यामुळे घराण्याच्या कैफियतीत पूर्वजाने अमुक राजाकडून वतन मिळवले असे असेल, तर ते विधान दाव्यातल्या बाजूचे म्हणून वाचावे. त्याच कैफियतीत सहज जाता जाता आलेली दुष्काळाची किंवा गाव उजाड झाल्याची हकिकत मात्र अनेकदा निर्धास्तपणे घेता येते. ती खोटी सांगून लेखकाला काही मिळणार नव्हते.

अस्सल-बनावट ओळखण्याच्या खुणा मोडी वाचकांना पाठ असतात. कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सबैन अलफ’ म्हणजे एक, सत्तर आणि हजार मिळून १०७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १६७०-७१ येते. हा सन मृगाला सुरू होतो. सोबत ‘छ’ या खुणेने मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख. दोन्ही एकमेकांशी बसली नाहीत की मान वर करायची. शिक्का कुठे, शेवटची मोर्तब आहे का, अक्षर त्या काळच्या वळणाचे आहे का, मायना पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दर्जाला शोभतो का, हे सगळे पाहायचे. ६ जून १६७४ च्या आधीच्या तारखेच्या पत्रात राज्याभिषेक शक आला तर प्रश्न मिटलाच. ‘छत्रपती’ आले तर मात्र घाई करू नये. पत्र बनावट असण्याइतकीच दुसरीही शक्यता असते, की ते शंभर वर्षांनी केलेली प्रामाणिक नक्कल आहे आणि नक्कलकाराने आदराने पदवी घातली आहे. वेगळे दिसले की खोटे म्हणायचे, ही नवशिक्याची खोड.

एवढा वेळ विश्वसनीयतेवर गेला. प्रस्तुतता हा या विषयाचा दुसरा पाय, आणि त्याच्याकडे कमी लक्ष जाते. पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेल्या कागदांचा मोठा भाग जमाखर्चाचा, गावझाडे, ताळेबंद, रोजकीर्द. लढाया आणि कारस्थाने शोधणाऱ्यांना हे सगळे रद्दीसारखे वाटले. सरदेसायांच्या निवडीत राजकीय पत्रेच भरपूर आहेत, आणि त्यांच्या प्रश्नांना तीच लागू होती. नंतर प्रश्न बदलले. वि. त्र्यं. गुण्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मराठ्यांची न्यायव्यवस्था महजर आणि निवाडेपत्रांतून उभी केली. अ. रा. कुळकर्णींनी शिवकालीन खेडे, शेतसारा, बलुते यांचा शोध घेतला. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने दख्खनचे गाव आणि जात याच रोखठोक कागदांतून वाचली. एका स्त्रीला कोणत्या अपराधासाठी किती दंड झाला, कुणब्याला पेरणीसाठी काय दराने कर्ज मिळाले, हे विचारताच रद्दी ठरलेला रुमाल उघडावा लागतो आणि राजकीय पत्रे बाजूला पडतात. बखरींचेही तसेच झाले. काय घडले यासाठी टाकून दिलेल्या बखरी, मराठी समाजाने आपला भूतकाळ कसा आठवला यासाठी पहिल्या दर्जाच्या ठरल्या; प्राची देशपांडे यांचे २००७ चे पुस्तक त्याच वाटेवरचे.

आजच्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र बहुधा एक तपासयादी दिली जाते. मजकूर अलीकडचा आहे का, लेखक कोण, हेतू काय, अचूक आहे का, असे चौकोन भरायचे. कॅलिफोर्नियाच्या एका विद्यापीठ ग्रंथालयातून २००४ च्या सुमारास निघालेली अशी एक यादी जगभर शिकवली जाते. ती निरुपयोगी नाही, पण तिच्यात एक गोम आहे. ती वाचकाला त्याच पानावर खिळवून ठेवते, आणि फसवणाऱ्याला पान चांगले सजवता येते. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यशोधक आणि पंचवीस विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला दिली. बालरोगतज्ज्ञांची मोठी जुनी संघटना आणि तिच्यातून फुटून निघालेला, जवळपास त्याच नावाचा छोटा गट, यांत इतिहासकारसुद्धा गोंधळले. तथ्यशोधकांनी पान नीट वाचलेच नाही. ते लगेच बाहेर पडले आणि या संघटनेबद्दल इतर कोण काय म्हणते ते पाहून आले. इतिहासकार फसले याचे मला जरा वाईट वाटले. जेधे शकावली फारसी कागदांशी ताडून पाहणारी त्यांची परंपरा नेमके हेच करत आली होती; पडद्यापुढे बसल्यावर ते आपलाच धडा विसरले.

विद्यापीठांनी तर पारखण्याचे काम यादीवरच सोपवले. अनुदान आयोगाने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी लागू केली आणि २०२५ मध्ये ती बंद केली. त्या काळात यादीत नाव असणे हाच दर्जा होऊन बसला, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांनी यादीतल्या नियतकालिकांच्या नावाची जुळी संकेतस्थळे काढली. यंत्राने लिहिलेल्या उत्तरांनी नवी भर घातली आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निवाडे दाखल केले आणि दंड भरला. आपल्याकडे भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या ‘अस्सल पत्रां’चा कारभार याहून वेगळा नाही. त्यांना दोनच प्रश्न विचारायचे. मूळ कागद कोणत्या दफ्तरात, कोणत्या रुमालात आहे? आणि छापला असेल तर कोणत्या खंडात, कितव्या लेखांकाला?

खरी अडचण इथे सुरू होते. घरोघरच्या पेट्यांतली मोडी पत्रे आता हौसेने छायाचित्रांत उतरवली जात आहेत आणि ते चांगलेच आहे. पण बहुतेक छायाचित्रांत पाठची बाजू नसते, जिथे पत्र पोहोचल्याचा शेरा असू शकतो. शिक्का अर्धा कापलेला असतो. मोजपट्टी ठेवलेली नसते. पत्र कोणत्या घराण्याकडचे, कोणत्या गावचे आणि कोणत्या गठ्ठ्यातले, हे छायाचित्राच्या नावात कुणी लिहीत नाही. मग पंचवीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकापुढे स्वच्छ, वाचनीय पत्र येते, त्यातला सुहूर सन बरोबर जुळतो, अक्षरही त्या काळचे दिसते, पण ते आले कुठून, हे सांगायला कुणी उरलेले नसते.